मोहेंजोदडोचा स्तूप आणि आमची घाई

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात वादसभा झाली. विषय होता 'भारतीय संस्कृतीचा पाया कोणता?' आमच्या अभ्यासवर्गात नेमाने येणारा एक तरुण कार्यकर्ता तिथे बोलायला उभा राहिला. पोरगा अभ्यासू, आवाज खणखणीत, तयारी पंधरा दिवसांची. त्याने सुरुवातीलाच मोबाइलवरचे एक छायाचित्र पडद्यावर दाखवले. मोहेंजोदडोच्या विटांचा ढिगारा आणि त्याच्या माथ्यावर उभा असलेला स्तूप. "हा पाहा पुरावा," तो म्हणाला, "साडेचार हजार वर्षांपूर्वी हा देश बौद्ध होता."

समोरच्या बाकावरून एकच प्रश्न आला. "त्या स्तूपाचा काळ कोणता, ते सांगाल का?"

त्याला सांगता आले नाही. प्रश्न विचारणाऱ्याने शांतपणे उत्तर दिले, तारीख सांगितली आणि सभागृह हसले. त्यानंतर त्याला जे सांगायचे होते ते फार मोलाचे होते. जात कशी टिकते, शहराचे गटार कोण साफ करतो, त्यात कोण मरतो. पण ते ऐकायला कोणी तयार नव्हते. एका चुकीच्या चित्राने त्याचे सगळे खरे बोलणे बुडवले.

रात्री तो आमच्याकडे आला. रागावलेला नव्हता, खचलेला होता. म्हणाला, "दादा, ते चित्र आपल्याच ग्रुपवर आलं होतं ना?"

खरे होते. चित्र आमच्याच ग्रुपवर तीन दिवस फिरत होते. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, 'जयभीम' लिहिले होते, पुढे पाठवले होते. एकानेही थांबून विचारले नव्हते की बाबांनो, हे खरे आहे का? त्या पोराचा पराभव त्याचा एकट्याचा नाही, तो आमचा आहे. म्हणून हा लेख. यात आम्ही आधी समोरच्यांचा हिशेब करणार आहोत आणि मग स्वतःचाही. कोणाला राग आला तरी चालेल.

समोरच्यांचा हिशेब

१९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे उत्खनन सुरू केले. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी सिंधमध्ये मोहेंजोदडोला कुदळ लावली. दोन्ही ठिकाणी सारख्याच मुद्रा निघाल्या. २० सप्टेंबर १९२४ रोजी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून जगाला सांगितले की भारतात एक विसरलेली प्राचीन नागर संस्कृती सापडली आहे.

तोवर या देशाचा इतिहास वेदांपासून सुरू होत असे. पुरोहिताने सांगायचे आणि आम्ही ऐकायचे. त्या दिवशी वेदांच्या मागे एक आख्खे शहर उभे राहिले. इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते १९०० हा त्याच्या भरभराटीचा काळ. भाजलेल्या विटा, १:२:४ या प्रमाणाच्या. पंजाबपासून गुजरातपर्यंत एकाच पद्धतीची दगडी वजने. आखीव रस्ते, झाकलेली गटारे, घराघरांत न्हाणीघर. आणि निर्विवादपणे मंदिर म्हणता येईल अशी एकही मोठी वास्तू नाही. ऋग्वेद उघडावा तर त्यात घोडे आहेत, रथ आहेत, गायींसाठीच्या लढाया आहेत, पण विटांच्या नगरांत राहणारा आणि गटारांचे नियोजन करणारा समाज त्यात दिसत नाही. सनातन्यांची खरी अडचण इथे आहे.

ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी काय काय केले, ते पाहा.

पहिला उपाय, मुद्रेवर घोडा काढणे. २००० साली एन. झा आणि एन. एस. राजाराम यांनी सिंधू लिपी वाचल्याचा दावा करणारे पुस्तक काढले आणि त्यात एका मुद्रेवर घोडा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मायकेल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर यांनी 'फ्रंटलाइन'मध्ये सप्रमाण दाखवून दिले की तो घोडा नव्हेच. ती एका तुटलेल्या मुद्रेची, मागच्या अर्ध्या भागाची, संगणकावर अस्पष्ट करून घेतलेली प्रतिमा होती. मूळ प्राणी एकशिंगी बैल. सिंधू मुद्रांवर तो शेकड्यांनी आढळतो.

दुसरा उपाय, देव शोधणे. शिंगे असलेली, आसन घालून बसलेली एक आकृती एका मुद्रेवर आहे. भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि म्हैस. मार्शल यांनी तिला आद्य शिव म्हटले आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकात 'पशुपती' होऊन बसली. पुढच्या अभ्यासकांनी यावर कडक आक्षेप घेतले. त्या डोक्यावरची शिंगे म्हशीची आहेत. वैदिक वाङ्मयातला 'पशू' म्हणजे मुख्यतः पाळीव जनावर, आणि मुद्रेवर तर रानातली श्वापदे आहेत. हे आक्षेप पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचले नाहीत, शिव मात्र पोहोचला.

तिसरा उपाय, नाव बदलणे. घग्गर-हाकरा नदीच्या कोरड्या पात्रालगत हडप्पाकालीन वसाहती मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. ते खरेच आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पात्राला 'सरस्वती' म्हणायचे, मग संस्कृतीला 'सिंधू-सरस्वती' म्हणायचे आणि मग सरस्वती वेदात आहे म्हणून संस्कृतीही वैदिक म्हणायची, ही हातचलाखी झाली. जे सिद्ध करायचे तेच नावात घालून ठेवायचे. २०२४ साली आलेल्या सहावीच्या नव्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात हे नाव मुलांच्या हातात पडले आहे.

आता आमचा हिशेब

इथपर्यंत वाचून आमचे बांधव खूश झाले असतील. आता पुढचे वाचा.

राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडोला गेले ते मुळात त्या स्तूपासाठी. तो जमिनीच्या वर दिसत होता. तिथे कुषाणकालीन नाणी मिळाली आणि स्तूप साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानला गेला. त्याच्या खाली आणि भोवती खणताना जुन्या शहराच्या मुद्रा निघाल्या, तेव्हा हे काही वेगळेच, कितीतरी जुने प्रकरण आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

आता साधी वजाबाकी करा. शहर ओस पडले इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास. भगवान बुद्धांचा काळ इसवी सनापूर्वी सहावे-पाचवे शतक. मध्ये तेराशे-चौदाशे वर्षे. स्तूप उभा राहिला त्यानंतर आणखी सहाशे-सातशे वर्षांनी. म्हणजे शहर मेले तेव्हापासून स्तूप होईपर्यंत सुमारे दोन हजार वर्षे गेली. भिक्खूंना उंचवटा मिळाला, तयार विटा मिळाल्या, त्यांनी बांधकाम केले. पडक्या गढीच्या विटा काढून कोणी शाळा बांधली म्हणून गढीत पूर्वी मुले पाढे म्हणत होती असे होत नाही.

आणि या युक्तिवादातला धोका ओळखा. 'वर जे उभे आहे, तेच खाली होते' हा नियम आम्ही मान्य केला, तर उद्या कार्ल्याला काय सांगणार? तिथे चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे मंदिर आहे. आमच्याच नियमाने कोणी म्हणेल की लेणेही मूळचे देवीचेच. लेण्यालेण्यांतल्या बुद्धमूर्तींना शेंदूर फासून त्यांचा भैरोबा करणारे याच तर्काने चालतात. ते हत्यार आम्हीच धार लावून त्यांच्या हाती द्यायचे का?

काही जण यावर म्हणतात की बुद्ध एकच नव्हते, त्यांच्या आधीही बुद्ध होऊन गेले. अशोकाने निगाली सागरच्या स्तंभलेखात कोनागमन बुद्धाचा स्तूप वाढवल्याचे नोंदवले आहे, हे अगदी खरे आहे. त्यातून इतके कळते की अशोकाच्या काळात पूर्वीच्या बुद्धांवर लोकांची श्रद्धा होती. तो स्तंभ नेपाळच्या तराईत आहे. तिथून सिंधपर्यंत आणि अशोकापासून दीड हजार वर्षे मागे उडी मारायला त्यात एकही अक्षर नाही.

दुसरे काही जण दाढीवाल्या पुरुषाचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा दाखवतात. डावा खांदा झाकलेला, उजवा उघडा, म्हणून तो भिक्खू. पुतळा जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा. अंगावर तीनपाकळी नक्षीचे वस्त्र, कपाळावर पट्टी, दंडावर दागिना. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला 'पुरोहित राजा' म्हटले, तोही अंदाजच. पण अलंकार घातलेला, दाढी राखलेला भिक्खू कोणत्या विनयात बसतो, हे तरी सांगा! पांघरूण एका खांद्यावरून घेणे ही आपल्याकडची साधी रीत आहे. आमच्या आज्यांनी पदर कसा घेतला, यावरून त्यांचा धर्म ठरवायचा का?

समोरच्याने मुद्रेत शिव पाहिला तर आम्ही त्याला थापाड्या म्हणतो. आम्ही पुतळ्यात भिक्खू पाहिला तर त्याला संशोधन म्हणतो. बांधवांनो, मोजमापाची काठी एकच हवी.

रक्ताचा पुरावा कोणाच्या कामाचा?

स्तूपानंतर दुसरा लाडका फॉरवर्ड असतो डीएनएचा. 'आम्ही हडप्पाचे, ते परके.'

सप्टेंबर २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढी इथल्या एका स्त्रीच्या सांगाड्याच्या डीएनएवरचा निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीमध्ये मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या अभ्यासाने सांगितले की तो अंश भारतात नंतर, इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान आला आणि पौरोहित्य करणाऱ्या काही जातींमध्ये तो तुलनेने अधिक आहे. एका बाजूने ओरड केली, 'आर्य बाहेरून आलेच नाहीत.' आमच्या बाजूने ओरड झाली, 'पाहा, सिद्ध झाले, आम्हीच मूळचे.' दोन्ही बाजूंनी निबंध पूर्ण वाचले नाहीत.

कारण त्याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघते. सिंधू संस्कृतीतल्या माणसांसारखा वारसा आजच्या बहुतेक सगळ्या भारतीयांत आहे. प्रमाण कमीजास्त, पण ब्राह्मणातही आहे आणि महारातही आहे. हडप्पाच्या त्या बाईचे वारस सगळेच. तिच्या नावाचा सातबारा कोणा एका जातीच्या नावे होत नाही.

त्याच्याही आधी, २०१३ साली आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आमच्या जास्त कामाचा आहे. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले वेगवेगळे समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि नंतर ही सरमिसळ थांबली. समूहांनी आपापसातच लग्ने करायला सुरुवात केली. आता आठवा. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी काय मांडले होते? जातीचे सार म्हणजे सजातीय विवाह. आधीच मिसळलेल्या लोकांवर तो लादला गेला आणि जात तयार झाली. प्रयोगशाळेला जे दिसायला शंभर वर्षे लागली ते बाबासाहेबांनी पुस्तके वाचून आणि डोके चालवून सांगितले होते. हा आहे आमचा डीएनएचा फॉरवर्ड. हा का नाही पाठवत?

रक्तावरून जात ठरवण्याच्या कल्पनेला बाबासाहेबांनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा विरोध केला. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने एकच. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य नावाचा वंश आणि त्याची स्वारी हा सिद्धान्त त्यांनी मुळापासून तपासून नाकारला. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' मध्ये वंशभेदातून अस्पृश्यता आली हे मत त्यांनी मोजमापांच्या आधारे खोडले. पुतळ्याला हार घालायचा आणि ग्रंथातले म्हणणे उलटे करून सांगायचे, हे कोणत्या आंबेडकरवादात बसते?

इथे कोणी महात्मा फुल्यांचे नाव घेईल. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा हडप्पाच्या शहराचा कोणाला पत्ता नव्हता. आर्य बाहेरून आले हे त्या काळी युरोपातले पंडित सांगत होते आणि इथले भटजी त्याचा अभिमान मिरवत होते. जोतीरावांनी त्यांचाच अभिमान त्यांच्यावर उलटवला. लढवय्याने हाती आलेले शस्त्र वापरले. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्याच जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त नाकारला. गुरूचा मान आणि सत्याचा मान एकाच पुस्तकात कसा राखायचा, हे त्यांनी दाखवून दिले.

आणखी एक. 'आधी कोण आले' यावर हक्क ठरवणे हा खेळ आमचा नाहीच. तो खेळ सुरू झाला की उद्या मुसलमान परका, परवा ख्रिस्ती परका, तेरवा आमच्यातलाच कोणीतरी परका. आमचा हक्क कुठल्याही सांगाड्यावर उभा नाही. तो संविधानाच्या कलम १४, १५ आणि १७ वर उभा आहे. राखीगढीत उद्या काहीही निघाले तरी त्याला धक्का लागत नाही.

बाबासाहेबांचे मेलेले शहर

'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या कामाची तुलना कशाशी केली आहे, ते किती जणांना ठाऊक आहे? अस्पृश्यतेचे मूळ शोधणे म्हणजे युगानुयुगे मरून पडलेले शहर पुन्हा उभे करून दाखवण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. मोहेंजोदडो सापडून तेव्हा पंचवीस वर्षेच होत आली होती.

त्याच ठिकाणी ते पुढे सांगतात की जिथे दुवे सापडत नाहीत तिथे कल्पना आणि तर्क वापरावा लागतो, आणि आपण तो वापरला आहे. पण ते लपवत नाहीत. खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित वेगळे करणे हे इतिहासकाराचे काम, हे सांगून ते आपला सिद्धान्त तपासायला लोकांपुढे ठेवतात. तो अखेरचा शब्द आहे असा दावा करत नाहीत. अंदाजाला अंदाज म्हणण्याचे हे धैर्य. आमच्या फॉरवर्डमध्ये सगळे असते, हेच नसते.

बाबासाहेबांना अवशेष पाहण्याची ओढ होती. १९३४ साली ते तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी दरवाजाजवळच्या टाक्यातले पाणी घेतले. पाणी बाटवले म्हणून एक म्हातारा मुसलमान गृहस्थ ओरडत आला, जमाव जमला. शेवटी किल्ल्यात प्रवेश मिळाला तो या अटीवर की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

प्राचीन वास्तूपुढे आपला माणूस उभा राहतो तो असा. टाके शेकडो वर्षांचे, पण त्याचे पाणी कोणाचे, हा प्रश्न आजचा. अवशेष पाहताना आमची नजर इथे जायला हवी.

मग विचारायचे काय?

त्या पोराने वादसभेत काय बोलायला हवे होते, ते आता सांगतो.

पहिले, पाणी. एकट्या मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कितीतरी घरांची स्वतःची विहीर. पाचरीच्या आकाराच्या विटा गोल रचून बांधलेल्या, शतकानुशतके टिकलेल्या. मोठे स्नानकुंड सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेले. याचा अर्थ काय? साडेचार हजार वर्षांपूर्वी वीट, चिखल आणि बुद्धी यांच्या बळावर घरोघर पाणी देता येत होते. मग २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये आमच्या लोकांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह का करावा लागला? पाणी कमी नव्हते, विद्या कमी नव्हती. आडवी आली ती जात. मोहेंजोदडोची विहीर हे आमच्या पूर्वजांचे प्रमाणपत्र म्हणून मिरवू नका. ती आरोपपत्र म्हणून वाचा.

दुसरे, गटार. 'प्रगत सांडपाणी व्यवस्था' इतके लिहून सगळी पाठ्यपुस्तके पुढे जातात. आम्ही तिथे थांबायचे. त्या गटारांवरची झाकणे काढता येत होती. मध्ये मध्ये गाळ साठायचे खड्डे होते. खड्डा आहे म्हणजे तो उपसणारा माणूस आहे. तो कोण होता? त्याला गावात घर होते का? तो विहिरीवर पाणी भरत होता का? शहराची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे त्याचे नाव मुद्रेवर शोधता येत नाही. पण प्रश्न विचारता येतो. आणि तो प्रश्न तसाच आजच्या नगरपालिकेला विचारता येतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये कायदा आला, २०१३ मध्ये दुसरा आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख देण्याचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली, माणसे मरायची थांबली नाहीत. साडेचार हजार वर्षांच्या गटाराचा अभिमान आणि आजच्या गटारात मरणाऱ्याबद्दल मौन, हा सनातनी राष्ट्रवादाचा खरा चेहरा आहे. त्यावर बोट ठेवले असते तर सभागृह हसले नसते.

तिसरे, आमच्यासाठी पथ्य. सिंधूची शहरे म्हणजे समतेचा स्वर्ग होता असेही छातीठोक सांगू नका. राजवाडे आणि भव्य थडगी नाहीत, हे खरे. पण घरे लहानमोठी आहेत. धोलावीरात किल्ला, मधले नगर आणि खालचे नगर भिंतींनी वेगळे केले आहे. विषमता असू शकते. स्वर्ग मागे होता म्हणणाऱ्यांची मंडळी वेगळी आहेत. आमचे ध्येय पुढे आहे.

वाचता येतात ते दगड

ज्या लिपीतले एक अक्षर कोणाला लागत नाही तिच्यावर आम्ही रात्र रात्र भांडतो, आणि जी वाचता येते ती वाचत नाही. धम्मलिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली. आज आमचे किती तरी तरुण ती शिकतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण शिकून नाव लिहून फोटो टाकण्यापलीकडे जा.

कार्ल्याला जा. तिथे धेनुकाकटच्या एका सुताराने दरवाजा घडवल्याचा लेख आहे. तिथल्याच गंध विकणाऱ्याचे दान आहे. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. नीट विचार करा. दोन हजार वर्षांपूर्वी या महाराष्ट्रात बांबू विणणाऱ्यांची संघटना इतकी पतदार होती की लोक तिच्याकडे धम्मकार्यासाठी पैसा ठेवत. आज तेच काम करणारा बुरूड समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. रक्ताचे नाते सांगायची गरज नाही. धंद्याचा हा प्रवास, पतपेढीपासून बहिष्कारापर्यंतचा, कोणी घडवला? हा प्रश्न दगडावर लिहिलेला आहे. याला कोणीही 'तारीख सांगा' म्हणून गप्प करू शकत नाही, कारण तारीख आमच्या बाजूने आहे.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. तिथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. मुंबईहून लोकलने जाता येते. आमच्यातल्या किती जणांनी तो पाहिला?

आणि अवशेष आपोआप टिकत नाहीत. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेची खडी म्हणून हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेल्या गेल्या. एक शहर रुळाखाली गेले, कारण त्याचे मोल जाणणारे तिथे कोणी नव्हते. आमच्या लेण्यांचे तसे होऊ द्यायचे नसेल तर कलम ४९ वाचा. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. लेण्यात नवे बांधकाम दिसले, मूर्तीला शेंदूर दिसला, तर फोटो, तारीख आणि जागा यांसह लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. शिव्या देणारी शंभर पोस्ट एका पोचपावतीची बरोबरी करू शकत नाहीत.

आमच्या ग्रुपवर आम्ही आता एक नियम केला आहे. इतिहासाची कोणतीही पोस्ट टाकताना तीन गोष्टी सांगायच्या. काळ कोणता, पुरावा कुठला, आणि हा निष्कर्ष कोणी काढला. तीनपैकी एकही नसेल तर पोस्ट काढून टाकायची, मग ती कितीही गोड लागो. 'भगवंतांनी सांगितले म्हणूनही मानू नका, तपासून पाहा' असे आम्ही दुसऱ्यांना सांगतो. ते आधी आमच्या मोबाइलला लागू.

तो पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा बोलायला जाणार आहे. या वेळी त्याच्याकडे स्तूपाचे छायाचित्र नाही. जुन्नरच्या लेण्यात तो स्वतः उभा राहून आलेला आहे, लेख वाचून, वहीत उतरवून. समोरच्या बाकावरून प्रश्न येऊ द्या. आम्हीही मागच्या रांगेत बसणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!